एका अक्षरानं सरकलेला प्राइमर

माझा सिकलसेलचा पॅटर्न एएस आहे हे मला नववीत कळलं. शाळेत आरोग्य खात्याची माणसं आली होती. त्यांनी बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतलं, नळीतल्या द्रावणात टाकलं, आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या. मला बाजूच्या रांगेत उभं केलं. पुढे मोठ्या दवाखान्यात पुन्हा रक्त दिल्यावर कागद हातात आला. विदर्भात या अक्षरांचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. एए म्हणजे निरोगी, एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे सिकलसेलचा, लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा, रुग्ण. माझा मावसभाऊ एसएस आहे. थंडी पडली की त्याच्या हातापायांत कळा सुरू होतात, आणि मावशी तव्यावर मीठ तापवून, फडक्यात बांधून रात्रभर त्याला शेकत बसते.

बी.एस्सी. झाल्यावर मी नागपूरला एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीला आले. प्रोजेक्टचे विषय वाटायची वेळ आली तेव्हा मॅडमनी यादी पुढे केली आणि मी दुसऱ्या कुठल्या ओळीकडे पाहिलंच नाही. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या तुकड्याच्या असंख्य प्रती करायची पद्धत, आणि डीएनए ठरावीक जागी कापणारं एन्झाइम यांच्या मदतीनं सिकलसेलचा दोष डीएनएवर ओळखायचा, स्वस्तात आणि आमच्याच लॅबमधल्या सामानावर, असं काम होतं.

एचपीएलसीची तपासणी असताना डीएनएचा खटाटोप कशाला, असं मला घरीसुद्धा विचारलं. प्रश्न बरोबर आहे. एचपीएलसी रक्तातली हिमोग्लोबिनं वेगळी करून कोणतं किती टक्के ते सांगते, आणि मोठ्या माणसासाठी ते पुरेसं असतं. पण पोटातल्या बाळाचं रक्त मुख्यतः हिमोग्लोबिन एफवर चालतं. हिमोग्लोबिनमधली बीटा साखळी, म्हणजे जिच्यात हा दोष असतो ती, जन्मानंतरच्या महिन्यांत वर येते. आई आणि बाप दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता चारात एक. दहाव्या-बाराव्या आठवड्याला वारेचा बारीकसा तुकडा घेऊन उत्तर द्यायचं, तर प्रथिनाला विचारून भागत नाही. जनुकालाच विचारावं लागतं. आमची पद्धत तिथवर जाणार नव्हती, पण त्या वाटेवरची होती, आणि म्हणूनच तिच्यात चूक राहून चालणार नव्हतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतात सिकलसेल असल्याचं १९५८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. तो संदर्भ वाचला तेव्हा मला आपल्या गल्लीतलं जुनं घर सापडल्यासारखं वाटलं.

नमुन्यांसाठी समितीची परवानगी आणि प्रत्येकाची लेखी संमती घेतली, नावं काढून कोड घातले. एएससाठी पहिला नमुना मी माझाच दिला. एसएसचे तीन मिळाले, पण ते उशिरा, आणि त्यातला एक मावसभावाचा. त्याची शीर सापडत नाही, इतक्या वेळा टोचलेलं आहे. जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन मिली रक्त यायला पाच मिनिटं लागली. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत बसला होता.

डीएनए काढायची आमची पद्धत मिठाची होती. आधी लाल पेशी फोडून धुऊन टाकायच्या, कारण त्यांच्यात केंद्रक नसतं, डीएनए मिळतो तो पांढऱ्या पेशींतून. मग साबणासारखं एसडीएस आणि प्रोटिनेज के घालून ५६ अंशांवर ठेवायचं, म्हणजे प्रथिनं विरघळून तुटतात. मग मिठाचं संपृक्त द्रावण घालायचं आणि सेंट्रिफ्यूज करायचं, उरलेली प्रथिनं तळाशी बसतात. वरचं स्वच्छ पाणी दुसऱ्या नळीत घेऊन त्यावर थंडगार अल्कोहोल सोडलं आणि नळी हळूच उलटी-सुलटी केली की दोन थरांच्या मधे काहीतरी धुरकट हलतं. आणखी दोनदा उलटली की तो धूर गोळा होतो आणि पांढरा धागा तरंगायला लागतो. बारीक नाही, चांगला कापसाच्या पेळूतून ओढल्यासारखा. माझा स्वतःचा धागा मी कितीतरी वेळ उजेडाकडे धरून पाहिला. मग पिपेटच्या टोकावर गुंडाळून बफरमध्ये सोडला.

यानंतरचं काम संगणकावरचं. बीटा ग्लोबिनचं जनुक ११व्या गुणसूत्रावर आहे, त्याचा क्रम एनसीबीआय या जनुकांची माहिती ठेवणाऱ्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट मिळतो. पुस्तकात सगळीकडे लिहिलेलं असतं की सहाव्या जागेवर ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं. मी उतरवलेल्या प्रथिनात बोट ठेवून सहा मोजले तर तिथे प्रोलिन. ग्लुटामिक ॲसिड सातव्या जागेवर. मला वाटलं मी चुकीचंच जनुक उतरवलं. अर्धा दिवस गेला. मग कळलं की जनुकातून वाचताना सुरुवातीचं मेथिओनिन मोजलं जातं, पण तयार प्रथिनातून ते कापून टाकलेलं असतं. व्हर्नन इन्ग्रॅमनं १९५७ साली हा बदल शोधला तेव्हा त्याच्या हातात प्रथिन होतं, जनुक नव्हतं. त्याच्या आधी, १९४९ साली, लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की रुग्णाचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या वेगानं सरकतं. मोजणी आधी प्रथिनावर झाली, म्हणून पुस्तकात सहावी जागा आणि डेटाबेसमध्ये सातवी. नव्यानं शिकणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

डीएनए ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो, आणि इथे फरक एका अक्षराचा. निरोगी माणसात जी-ए-जी, सिकलसेलमध्ये जी-टी-जी. आणि योगायोग असा, की या जागी निरोगी जनुकात सी-टी-जी-ए-जी असा क्रम तयार होतो, जो डीडीई-वन नावाचं एन्झाइम ओळखतं आणि तिथे कापतं. त्यातल्या ए चा टी झाला की एन्झाइमला ती जागा ओळखूच येत नाही. म्हणजे या जागेच्या दोन्ही बाजूंना प्राइमर, म्हणजे जिथून नक्कल सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे, लावून मधला तुकडा पीसीआरनं वाढवायचा, एन्झाइम घालायचं आणि जेलवर विजेनं पळवायचा. लहान तुकडे पुढे, म्हणजे खाली जातात, मोठे वर राहतात, आणि त्यांच्या पट्ट्या दिसतात. पूर्ण कापला गेला तर एए, मुळीच नाही कापला तर एसएस, थोडा कापला थोडा राहिला तर एएस.

प्राइमर मी हातानं बसवले. मला तसंच करायचं होतं, सॉफ्टवेअरनं दिलेले उचलायचे नव्हते. पुढचा प्राइमर जनुकाच्या सुरुवातीच्या जरासा आधी, मागचा वीस अक्षरांचा, पुढे एकविसाव्या-बाविसाव्या अमिनो आम्लाच्या आसपास. जी आणि सी या अक्षरांचं, म्हणजे जीसीचं प्रमाण ५० टक्के, जोडणीचं तापमान ६० च्या जवळ, स्वतःशीच जुळून वळण घेत नाही, सगळं तपासलं. मधला तुकडा १०३ अक्षरजोड्यांचा. कापला तर ४६ आणि ५७, अगरोज जेलवर ते दोन जवळजवळ एकाच जाड पट्टीत दिसतात. प्रथिनाचा क्रम ब्लास्टमध्ये, म्हणजे मिळतेजुळते क्रम शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकूनही पाहिला होता. पहिली ओळ बीटा ग्लोबिन, शंभर टक्के. खाली डेल्टा ग्लोबिन होतं. ते मी वाचलं आणि पुढे गेले. ही नोंद मी इथे मुद्दाम करते आहे.

प्राइमर आले. तीन टक्क्यांचं जेल, शेजारी लॅडर, म्हणजे माहीत लांबीच्या तुकड्यांची मोजपट्टी, अतिनील दिव्यावर डीएनएला चिकटणाऱ्या इथिडियम ब्रोमाइडची केशरी चमक. पीसीआरमध्ये तीस फेऱ्या झाल्या की हिशेबानं एका तुकड्याचे १०७ कोटी होतात, हे वर्गात शिकले होते. पण डोळ्यांना न दिसणारी गोष्ट पट्टी होऊन समोर येते तेव्हा वर्गातला आकडा आठवत नाही. एएचे सहा नमुने पूर्ण कापले गेले. एएसचे चार, त्यात माझाही, दोन-दोन पट्ट्या. मॅडमनी वहीवर सही केली. माझ्या लेनमधली, म्हणजे जेलवरच्या माझ्या नमुन्याच्या रांगेतली, वरची, न कापलेली पट्टी जरा फिकी होती. मी त्याचं कारण ‘नमुना कमी भरला असेल’ असं लिहिलं. इतर तीन एएसमध्येही ती फिकीच होती, पण तिकडे मी पाहिलं नाही.

मे महिन्यात एसएसचे नमुने चालवले. मावसभावाची लेन पाचवी.

दोन पट्ट्या.

मी जेल काचेवरून सरकवून पुन्हा पाहिलं. वरची पट्टी ठळक, खालचीही ठळक. पद्धतीच्या भाषेत त्याचा अर्थ एकच, एएस. तो माझ्यासारखा नुसता वाहक आहे. मला माहीत होतं की हे खरं असू शकत नाही. रात्री शेकताना मी त्याला पाहिलेलं आहे. तरी त्या दिव्यासमोर काही क्षण मला आनंद झाला होता, आणि तो आनंद आठवला की अजूनही घशात काहीतरी अडकतं. कारण उद्या याच पद्धतीनं कुणा जोडप्याला उत्तर दिलं असतं, तर त्यांनाही असाच आनंद झाला असता आणि पुढे जन्मभर तो फेडावा लागला असता.

उरलेल्या दोन एसएसमध्येही तेच.

पहिला संशय पाण्यावर गेला. एन्झाइमला ३७ अंश लागतात आणि वॉटर बाथवर आकडा ४१ दाखवत होता. हे नागपूरबाहेरच्या माणसाला पटणार नाही. वॉटर बाथ पाणी तापवतो, गार करू शकत नाही. बाहेर ४५ अंश, कूलरचं पाणी दुपारीच आटलेलं, खोलीच ४१ ला, तर बाथ ३७ ला येणार कसा? लॅबमधले भाऊ बर्फाची पिशवी घेऊन आले. “काऊन वं ताई, रडाले काय झालं? खोलीच तापून राहिली, थे बाथ काय करन? थांब, बर्फ टाकतो पाण्यात.” तीन तास दर दहा मिनिटांनी बर्फाचे खडे सोडत आम्ही ते पाणी ३७ वर धरलं. निकाल तसाच.

मॅडमनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, एन्झाइमवर खापर फोडण्याआधी नीट विचार कर. एन्झाइम आळशी झालं तर काय दिसेल? न कापलेलं शिल्लक राहील. म्हणजे एए हा एएससारखा दिसेल. तुझ्याकडे उलटं झालंय. जिथे कापायला जागाच नाही तिथे कापलेलं दिसतंय. त्या नळीत कापण्याजोगा डीएनए कुठूनतरी आलाच पाहिजे. तो कुठला, एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न मी फळ्यावर लिहिला आणि एकेक दार ठोठावलं. पीसीआरमध्ये बाहेरचा डीएनए पडला असेल? पण ज्या नळीत नमुन्याऐवजी नुसतं पाणी घातलं होतं तिची लेन कोरी होती. नमुन्यांची अदलाबदल? तिघांच्या डीएनएची पुन्हा नव्यानं तयारी केली, फरक नाही. मावसभावाला महिन्यापूर्वी रक्त चढवलं होतं, देणाऱ्याचा डीएनए असेल? मॅडमनी मान हलवली. चढवलेल्या लाल पेशींमुळे एचपीएलसी फसते, त्या पेशी तीन-चार महिने टिकू शकतात. पण त्यांच्यात डीएनए नाही, आणि रक्तासोबत आलेल्या मोजक्या पांढऱ्या पेशींनी इतकी ठळक पट्टी उठणार नाही. शिवाय दुसऱ्या दोघांना इतक्यात रक्त दिलेलंच नव्हतं.

मग मला एक उत्तर सुचलं आणि ते इतकं आवडलं की रात्री झोप आली नाही. एका बाजूनं सिकलसेलचं जनुक आणि दुसऱ्या बाजूनं बीटा थॅलेसेमियाचं, अशी जोडी असू शकते. त्या माणसात ए हिमोग्लोबिन बनत नाही किंवा अगदी थोडं बनतं, म्हणून एचपीएलसीवर तो एसएससारखा दिसतो. पण थॅलेसेमियाच्या जनुकात सहाव्या जागेवर जी-ए-जी शाबूत असतं, एन्झाइम तिथे कापणार! डीएनएवर एएस, रक्तात एसएस. सगळं बसत होतं. सकाळी मी धावतच मॅडमकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, मावशी आणि काकांचे रिपोर्ट कुठे आहेत?

फोन केला. मावशीनं कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली, कागदांचे फोटो पाठवले. दोघंही एएस, दोघांच्याही रक्तात एस चाळीस टक्क्यांच्या आत, थॅलेसेमियाच्या वाहकात वाढतं ते हिमोग्लोबिन ए२ वाढलेलं नाही. थॅलेसेमियाचा मागमूस नाही. “कायले पाहिजे वं तुले हे जुने कागद?” मावशी विचारत होती. मी तिला खरं कारण सांगितलं नाही.

मावसभावाला एका बाजूनंही ए मिळालेला नाही, हे पक्कं. तरी नळीत सी-टी-जी-ए-जी आहे.

त्या रात्री मी संगणकाशी परत बसले आणि या वेळी जनुक सोडून प्राइमर घेतले. प्राइमर-ब्लास्ट नावाची सोय आहे. प्राइमरची जोडी पूर्ण मानवी जीनोमवर लावून पाहते आणि ती कुठे-कुठे बसून तुकडा तयार करू शकते ते सांगते. मला एक निकाल अपेक्षित होता. दोन आले. पहिला बीटा, १०३. त्याच्याखाली डेल्टा, १०३. जुळणाऱ्या अक्षरांच्या जागी टिंबं असतात, न जुळणारं तेवढं अक्षर दिसतं. पुढच्या प्राइमरला डेल्टावर सगळी टिंबं. मागच्याला एकोणीस टिंबं आणि एकच अक्षर, तेही मागच्या भागात, जिथे त्यानं काही अडत नाही.

डेल्टा हे बीटाच्या शेजारचंच जनुक. एकाच जुन्या जनुकाची ही दोन रूपं. १४६ अमिनो आम्लांपैकी फक्त दहा वेगळी. हिमोग्लोबिन ए२ तयार होतं ते या डेल्टामुळे, आणि मोठ्या माणसाच्या रक्तात ते दोन-तीन टक्केच असतं. म्हणून मी त्याला किरकोळ समजले होते. पण रक्तात डेल्टा कमी असते ती तिचं जनुक दबक्या आवाजात चालतं म्हणून. डीएनएत ते कमी नसतं. प्रत्येक पेशीत बीटाच्या दोन प्रती आहेत तशाच डेल्टाच्याही दोन. आणि डेल्टाच्या सुरुवातीच्या भागात तोच क्रम आहे, सी-टी-जी-ए-जी. सिकलसेलच्या रुग्णातही तो शाबूत असतो, कारण दोष बीटात आहे.

आता सगळ्या लेन आपणहून बोलायला लागल्या. एएच्या माणसात बीटाही कापली जाते, डेल्टाही, म्हणून चूक दिसतच नव्हती. एसएसमध्ये बीटाच्या दोन प्रती न कापलेल्या, डेल्टाच्या दोन कापलेल्या, निम्मं-निम्मं, हुबेहूब एएससारखं. आणि एएसमध्ये चार प्रतींतली एकच न कापलेली. म्हणून ती वरची पट्टी फिकी होती. माझ्याच लेनमध्ये, माझ्याच रक्तातून, उत्तर महिनाभर समोर होतं आणि मी त्यावर ‘नमुना कमी भरला’ असं लिहून ठेवलं होतं.

दोन्ही जनुकांचे क्रम एकाखाली एक मांडले. प्रथिनाचे आधी मांडले होते, आता डीएनएचे मांडले. माझ्या मागच्या प्राइमरचं काम करणारं टोक जिथे संपत होतं, त्याच्या अगदी पुढच्या अक्षरावर नजर थांबली. सतराव्या जागेचं लायसिन. बीटात ते ए-ए-जी असं लिहिलेलं, डेल्टात ए-ए-ए. दोन्हीचा अर्थ लायसिनच, म्हणून प्रथिनांच्या तुलनेत तिथे काही फरक दिसत नाही. पण प्राइमरला अर्थाशी घेणं-देणं नसतं, त्याला अक्षर लागतं. आणि पीसीआरचं एन्झाइम प्राइमरच्या शेवटच्या अक्षरापासून पुढे लिहायला लागतं. ते शेवटचं अक्षर जुळलं नाही तर ते अडखळतं.

म्हणजे प्राइमर एका अक्षरानं पुढे सरकवायचा, एवढंच. मागच्या टोकाचा एक सी काढायचा, पुढच्या टोकाला एक सी जोडायचा. लांबी तीच, वीस. जीसी तेवढंच. तापमान तेवढंच. मी जे जे तपासलं होतं त्यात जुना प्राइमर आणि नवा प्राइमर यांच्यात काडीचाही फरक नव्हता. १०३ चा तुकडा १०२ चा होणार होता.

नवा प्राइमर मागवला. तो येईपर्यंतचे दहा दिवस मी प्रथिनाच्या रचनेत घालवले. सिकल हिमोग्लोबिनची स्फटिकांवरून काढलेली रचना प्रोटीन डेटा बँकेत २एचबीएस या क्रमांकानं आहे. ती पडद्यावर फिरवत व्हॅलिन शोधलं. ते रेणूच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असतं आणि शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीतल्या एका खळग्यात जाऊन बसतं. ८५ वं फेनिलॲलनिन आणि ८८ वं ल्युसिन यांनी तो खळगा केलेला आहे. ग्लुटामिक ॲसिडवर ऋण भार असतो, त्याला पाणी प्रिय, ते तिथे शिरलंच नसतं. व्हॅलिन तेलकट, ते शिरतं. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा चिकटत दोऱ्या तयार होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. हल्ली प्रथिनाची घडी वर्तवणारे प्रोग्रॅम आहेत, त्या कामाला २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं. पण एकट्या बीटा साखळीची घडी पाहिली तर निरोगी आणि सिकल यांच्यात जवळजवळ काही फरक नाही. आजार रेणूच्या आकारात नाही, तो रेणूंच्या एकमेकांना चिकटण्यात आहे. पडद्यावर एकच रेणू पाहणाऱ्याला तो दिसणार नाही. मावसभाऊ हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या घेतो, त्यानं हिमोग्लोबिन एफ वाढतं, आणि एफ त्या दोऱ्यांत शिरत नाही. हे मी त्याला रचना दाखवून समजावलं तेव्हा तो गोळी चुकवायचा थांबला, असं मावशी सांगते.

प्राइमर आला. शेवटचं अक्षर जुळलं नाही तरी एन्झाइम कधीकधी पुढे रेटतंच, म्हणून जोडणीचं तापमान ५६ पासून ६४ पर्यंत दोन-दोन अंशांनी वाढवत नेलं. ५६ ला एसएसच्या लेनमध्ये खालची पट्टी अजून पुसट दिसत होती. ६० ला संपली. ६४ ला तर बीटाही क्षीण झाली. ६२ वर थांबलो. आणखी एक गोष्ट इथे सांगून ठेवते. या कामाला पीसीआरचं साधं टॅक एन्झाइमच घ्यायचं. चुका दुरुस्त करणारं महागडं एन्झाइम घेतलं, तर ते न जुळणारं शेवटचं अक्षर खुडून टाकतं, बरोबर अक्षर लिहितं आणि डेल्टाला पुन्हा आत घेतं.

जून लागला होता. जेल लावलं तेव्हा बाहेर पहिला पाऊस पडत होता आणि खोलीत मातीचा वास येत होता. एए, एक खालची पट्टी. माझी लेन, दोन पट्ट्या, आणि वरची आता खालचीइतकीच ठळक. एसएसच्या तीनही लेनमध्ये वर एकेकच पट्टी, खाली काळोख. भाऊ माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. “आता बरोबर आहे ना वं?” मी हो म्हटलं. मला नीट बोलता येत नव्हतं.

मग मॅडमनी चोवीस नमुने कोड घालून दिले, कोणता कुणाचा ते त्यांच्या वहीत. मी जेल वाचून यादी दिली, त्यांनी एचपीएलसीशी ताडून पाहिली. चोवीसच्या चोवीस जुळले.

प्रबंध लिहिताना जुने लेख चाळत होते, त्यात १९८५ साली सायन्स या नियतकालिकात आलेला लेख हाती लागला. पीसीआर जगापुढे आला तो या लेखातून, आणि तो होता सिकलसेलच्या निदानाबद्दलच. तेव्हा पीसीआरसाठी टॅकही वापरत नव्हते, प्रत्येक फेरीनंतर नळीत नवं एन्झाइम घालावं लागायचं. त्यात छापलेले प्राइमर मी माझ्याशेजारी मांडले. त्यांचा मागचा प्राइमर आणि माझा दुरुस्त केलेला, वीसच्या वीस अक्षरं एक. त्याच सतराव्या लायसिनच्या शेवटच्या जी वर संपणारा. मी तो आधी वाचला असता तर दोन महिने वाचले असते, हे मॅडमनी सांगितलं आणि ते खरं आहे. जुना प्राइमर मी फेकला नाही. फ्रीजमध्ये ‘डेल्टा पकडतो’ असं लिहून ठेवला आहे, नव्या मुलांना दोन्ही जेल शेजारी-शेजारी करून दाखवता यावेत म्हणून. प्रबंधातही दोन्ही फोटो लावले.

दिवाळीला गावी गेले तेव्हा मावसभावाला फोनवर ते फोटो दाखवले. त्याला आपली लेन पाहायची होती. आधी मी नवा दाखवला, पाचव्या लेनवर बोट ठेवून.

“माह्यं आहे का हे? एकच?”

“एकच.”

मग त्यानं स्वतःच बोटानं मागे सरकवून जुना फोटो काढला. बराच वेळ पाहिला. “अन् याच्यात खाली हे जे दिसते, थे कोणाचं होय?”

“तेही तुझंच,” मी म्हटलं. “डेल्टा. ती तुझी चांगली आहे.”

त्यानं फोटो मोठा करून ती पट्टी पुन्हा पाहिली आणि मावशीला दाखवायला फोन घेऊन आत गेला.